स्वस्त फोनचा न विकलेला माल कोणाच्या अंगावर?

प्रश्न असा आहे: "२०१४ मध्ये सॅमसंगला मागे टाकणारी मायक्रोमॅक्स दोन-तीन वर्षांत दिसेनाशी कशी झाली? कार्बन, इंटेक्स, स्पाइस ही नावंही एकदमच गेली. चिनी कंपन्यांनी तोटा खाऊन फोन विकले म्हणून का? आणि माझा आतेभाऊ दहा हजारांच्या आतले फोन विकणाऱ्या एका नव्या ब्रँडची एजन्सी घ्यायच्या विचारात आहे. घ्यावी का?"

आतेभावाचं शेवटी बघू. त्याला उत्तर द्यायचं तर आधीचा सगळा हिशेब मांडावा लागेल.

मी २०१० ते २०२१ मोबाइलच्या वितरणात होतो. आधी एका कंपनीत एरिया सेल्स, नंतर एका डिस्ट्रिब्युटरकडे तीन जिल्ह्यांचं काम. त्यामुळे माझा चष्मा गोदामातला आहे, हे आधीच सांगतो. फोनचे परीक्षण करणारे लोक प्रोसेसर आणि कॅमेरा बघतात. आम्ही बघायचो ते वेगळंच: खोका उघडला गेला नाही तर पैसे कोणाचे बुडणार? स्वस्त फोनच्या धंद्यात या एका प्रश्नाचं उत्तर ज्याने नीट बसवलं तो टिकला. बाकी जाहिराती, देशप्रेम, चिपसेट हे सगळं त्याच्या मागून येतं.

मायक्रोमॅक्सची सुरुवात विसरू नका, कारण त्यांनीही पहिल्यांदा हेच उत्तर बसवलं होतं. २००८ मध्ये ही कंपनी हँडसेटच्या धंद्यात उतरली, तेव्हा नोकियाचं राज्य होतं. संस्थापकांनी नंतर सांगितलेली गोष्ट अशी की बंगालमधल्या एका गावात ट्रकच्या बॅटरीवर पीसीओ चालताना दिसला आणि त्यातून महिनाभर स्टँडबाय चालणाऱ्या बॅटरीचा फोन सुचला. तो एक्स१आय. मग दोन सिमचे फोन आले. नोकियाने दोन सिमकडे बराच काळ दुर्लक्ष केलं आणि ती फट भारतीय कंपन्यांनी रुंद केली. पण दुकानदाराला खरं आवडलं ते मार्जिन. नोकियाच्या फोनवर हातात फार थोडं उरायचं, इथे त्याहून बरंच जास्त. त्या बदल्यात कंपनी आगाऊ पैसे मागायची: आधी भरा, मग माल उचला. खपणारा माल असेपर्यंत यात कोणाचीच तक्रार नसते. कंपनीचं भांडवल अडकत नाही, दुकानदाराला कमाई होते.

फोन बनायचे शेनझेनला. तैवानच्या मीडियाटेकने त्या काळात नुसती चिप विकली नाही. चिपबरोबर जवळपास तयार फोनचा आराखडा आणि सॉफ्टवेअर दिलं. शेनझेनच्या डिझाइन हाऊसकडे जायचं, मांडलेल्या नमुन्यांतून दहा निवडायचे, मागे आपलं नाव छापायचं, ऑर्डर द्यायची. २०१२-१३ मध्ये कॅनव्हास मालिका आली. पाच इंचाचा मोठा स्क्रीन सॅमसंगपेक्षा कितीतरी कमी पैशांत मिळू लागला. २०१३ मध्ये ह्यू जॅकमनला जाहिरातीत घेतलं. २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिस या बाजार मोजणाऱ्या संस्थेने २२ टक्के वाटा देऊन मायक्रोमॅक्सला स्मार्टफोनमध्ये पहिला क्रमांक दिला, सॅमसंगला २०. सॅमसंगने तो आकडा मानला नाही, दुसऱ्या संस्थेचा आकडा पुढे केला. पण काउंटरवर उभं राहून बघणाऱ्याला काय चाललंय ते दिसत होतंच.

आता कीड कुठे लागली ते सांगतो.

तयार नमुन्यांतून फोन निवडायची सोय ज्याला आहे त्याला मोह आवरत नाही. प्रत्येक हजार रुपयांच्या पायरीवर दोन मॉडेल, प्रत्येकाला एक 'प्लस', एक 'एचडी', एक 'टर्बो'. सगळ्याच भारतीय ब्रँडांनी हे केलं. माझ्याकडे एका वेळी एकाच कंपनीची तीसच्या वर मॉडेलं फिरत असायची, आणि मलाच त्यांतला फरक सांगता येत नसे. दुकानदाराला तर नाहीच. महिन्याच्या २५ तारखेनंतर वरून फोन यायचा: बिलिंग काढा. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला माल लावला की तिच्या वहीत विक्री झाली. याला प्रायमरी म्हणतात. डिस्ट्रिब्युटरने दुकानाला दिला की सेकंडरी. गिऱ्हाईकाने सिम टाकून फोन चालू केला की ॲक्टिव्हेशन, म्हणजे खरी विक्री. सगळ्या स्कीमा प्रायमरीवर. पन्नास नग उचला, परदेशवारी. शंभर उचला, मोटारसायकल. मग उचलायचेच लोक. परदेशवारी करून आलेल्या दुकानदाराच्या माळ्यावर साठ खोके पडून असायचे.

आणि मग यायचा प्राइस ड्रॉप.

हा प्रकार नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. समजा डिस्ट्रिब्युटरकडे एका मॉडेलचे ४०० नग आहेत आणि त्याची खरेदी ७,००० ला आहे. अडकले २८ लाख. त्यावर त्याचं मार्जिन ४ टक्के धरा, म्हणजे सगळा माल विकल्यावर १ लाख १२ हजार मिळणार. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत. आता चार-सहा आठवड्यांत शेनझेनहून त्याच तोडीचा नवा नमुना येतो, म्हणून कंपनी जुन्याचा भाव ७०० ने उतरवते. एकही नग विकला गेला नसेल तर त्या सकाळी २ लाख ८० हजार गेले. पूर्ण मार्जिनच्या अडीचपट. कंपनी म्हणते, काळजी नको, प्राइस प्रोटेक्शन आहे, फरकाची क्रेडिट नोट देऊ. पण त्यात अटी असतात. अमुक दिवसांत बिल झालेलाच माल, अमुक तारखेपर्यंत ॲक्टिव्हेट न झालेलाच माल, आयएमईआयची, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र क्रमांकाची, यादी ठरलेल्या नमुन्यातच हवी. दुकानातल्या मालाचा फरक आधी डिस्ट्रिब्युटरने खिशातून द्यायचा आणि मग कंपनीकडे क्लेम लावायचा. क्लेम चार महिने, सहा महिने. क्रेडिट नोट आली तरी ती रोख नसते, तिच्यावर पुन्हा त्याच कंपनीचा माल उचलावा लागतो.

म्हणजे माल विकला जावो न जावो, धोका नेहमी खालच्याच्या अंगावर. हे गुपित नव्हतं, धंद्याची रीतच होती. चढत्या बाजारात ती खपून जाते.

सुट्या भागांचंही याच्याशीच जुळलेलं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. तीस मॉडेलं म्हणजे तीस वेगवेगळे डिस्प्ले. दुरुस्तीवाले ज्याला फोल्डर म्हणतात तो काचेसकटचा डिस्प्ले प्रत्येक मॉडेलचा वेगळा साठवावा लागतो. मॉडेल बाजारात चार महिने असतं, पण काच फुटते आठव्या महिन्यात. तोवर शेनझेनच्या कारखान्याने तो भाग बनवणं बंद केलेलं असतं. गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटरला दहा खेपा घालतं आणि पुढच्या वेळी त्या नावाकडे बघत नाही. दुकानदाराला गावात तोंड दाखवायचं असतं, मग तोही हळूहळू ते नाव पुढे करेनासा होतो. ब्रँड पडला असं आपण म्हणतो, त्याची सुरुवात अशा एखाद्या न मिळालेल्या फोल्डरपासून झालेली असते.

शाओमी जुलै २०१४ मध्ये आली. १३,९९९ चा एमआय ३, फक्त फ्लिपकार्टवर. फ्लॅश सेल काही मिनिटांत संपायचा, पुढे पुढे तर काही सेकंदांत. आम्ही हसलो होतो. हजारांच्या हिशेबात फोन विकून कोण देश जिंकतो? लोक वैतागतील आणि विसरतील, असं माझं तेव्हाचं ठाम मत. ते सपशेल चुकलं.

कारण फ्लॅश सेल ही जाहिरात तर होतीच, पण त्याआधी ती माल अंगावर न पडू देण्याची युक्ती होती. आठवड्याला थोडा माल आणायचा, किती लाख लोकांनी नोंदणी केली ते बघायचं, त्यावरून पुढची ऑर्डर द्यायची. विकला न जाणारा खोका जन्मालाच येत नाही. मधे डिस्ट्रिब्युटर नाही, त्याचं मार्जिन नाही, परदेशवारी नाही, ह्यू जॅकमनही नाही. आणि मॉडेलं मोजकी. एकच मॉडेल वर्षभर विकलं की चिप, मेमरी, डिस्प्ले यांचे भाव त्या काळात सहसा खाली येतात. पहिल्या महिन्यात काठावर निघालेला फोन दहाव्या महिन्यात बरा नफा देतो. भारतीय कंपन्या नेमक्या उलट्या चालल्या होत्या: नफा सुरू व्हायच्या सुमारास मॉडेल बंद, आणि पुन्हा नव्या मॉडेलच्या महाग पहिल्या महिन्यात.

'तोटा खाऊन विकले' या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण लोक समजतात तसं नाही. शाओमीच्या २०१८ च्या हाँगकाँगमधल्या शेअर विक्रीच्या कागदपत्रांत २०१७ चा हिशेब आहे. फोनवरचा ढोबळ नफा ९ टक्क्यांच्या आत. जाहिराती, ॲप, गेम अशा इंटरनेट सेवा एकूण उत्पन्नाच्या जेमतेम ९ टक्के, पण त्यांवरचा ढोबळ नफा ६० टक्के. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाहिरात का दिसायची त्याचं हे उत्तर. फोन विकून झाल्यावरही त्यांचा गल्ला चालू. भारतीय कंपनीचा फोन विकला की संबंध संपला, पुढे उरला तो फक्त दुरुस्तीचा खर्च.

फक्त ऑनलाइन विकलं म्हणून शाओमी जिंकली, असंही म्हणू नका. त्याच सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने मोठ्या थाटात अँड्रॉइड वन आणलं. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस, तिघांचे फोन ६,३९९ पासून, सुरुवातीला फक्त ऑनलाइन. त्याच महिन्यात शाओमीचा रेडमी १एस ५,९९९ ला. रेडमीचा स्क्रीन मोठा आणि एचडी, कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा. अँड्रॉइड वनचा स्क्रीन साडेचार इंचाचा आणि कमी रेझोल्यूशनचा, कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा. गिऱ्हाईक वेडं नसतं. त्यात दुकानदार चिडला. ज्या ब्रँडसाठी आपण पाच वर्षं घसा कोरडा केला तेच आपल्याला वगळून ऑनलाइन गेले, हे त्याला लागलं. पुढे तोच माल दुकानांत आला तेव्हा आमच्या भागातल्या काउंटरवाल्यांनी तो मांडायलाच नकार दिला. ऑनलाइनवाल्यांनी भाव पाडलेले, मग दुकानात कोण घेणार? ज्यांचं बळ दुकानात होतं त्यांनी ऑनलाइनची नक्कल केली आणि दुकानही घालवून बसले.

पेटंटच्या खटल्यांचं कारण काही जण देतात. एरिक्सनने २०१३ मध्ये मायक्रोमॅक्सला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं, डिसेंबर २०१४ मध्ये शाओमीलाही. मार दोघांना बसला. त्यावरून निकाल लागला नाही.

निकाल लावला २०१६ च्या तीन महिन्यांनी.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. डेटा फुकट, बोलणं फुकट, पण नेटवर्क फक्त फोरजी. थ्रीजी फोनमध्ये ते सिम चालतच नाही. त्या आठवड्यात आमच्या गोदामातल्या मालापैकी अर्ध्याहून जास्त थ्रीजी होता. भारतीय कंपन्यांकडे फोरजी मॉडेलं नव्हती असं नाही, पण गोदामं थ्रीजीने भरलेली होती, कारण वर्षभर 'बिलिंग काढा' चाललं होतं. काउंटरवर येणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा: जिओ चालतं का? नाही म्हटलं की पाठ फिरवायचा. साडेचार हजारांचा फोन साडेतीनला द्यायची तयारी असूनही उचल नव्हती. ज्याला फुकट सिम मिळतंय त्याला हजार रुपये वाचवून काय करायचंय?

त्यावर ८ नोव्हेंबरची नोटाबंदी. स्वस्त फोनचा धंदा तेव्हा जवळपास पूर्ण रोखीचा होता. महिनाभर वसुली ठप्प. दुकानदार म्हणे माल परत घ्या, कंपनी म्हणे घेणार नाही. मी ज्या डिस्ट्रिब्युटरकडे होतो त्याचे एका कंपनीकडे अकरा लाखांचे क्लेम अडकले होते. त्यांतले सहा शेवटपर्यंत आले नाहीत. कंपनीचं नाव सांगून आता उपयोग नाही, त्या काळात ही गोष्ट एकीचीच नव्हती. आम्ही थ्रीजीचे शेवटचे दोनशे नग एका भंगारवजा व्यापाऱ्याला निम्म्याहून कमी भावात दिले. आठ वर्षं एकच ब्रँड विकणारा माझा मालक त्या दिवशी फार काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात त्याने एका चिनी ब्रँडची एजन्सी घेतली.

जानेवारी २०१७ मध्ये ९,९९९ पासून रेडमी नोट ४ आला, मार्चमध्ये ५,९९९ चा रेडमी ४ए. दोन्ही फोरजी. २०१७ संपता संपता शाओमी सॅमसंगच्या पुढे गेली होती.

पण या गोष्टीतला मला सर्वांत शिकण्यासारखा वाटलेला भाग शाओमीचा नाही, विवो आणि ओप्पोचा आहे. ते शाओमीच्या बरोबर उलट्या वाटेने आले. फोन तेवढे स्वस्त नाहीत, कागदावरची वैशिष्ट्यं कमी, ऑनलाइन जवळजवळ नाहीत. चौकाचौकांत निळ्या-हिरव्या पाट्या. विवोने २०१८ ते २०२२ साठी आयपीएलचं नाव २,१९९ कोटींना घेतलं, ओप्पोने २०१७ मध्ये भारतीय संघाची जर्सी १,०७९ कोटींना. उधळपट्टी आहे, दोन वर्षांत गाशा गुंडाळतील, असं शहरातले जाणकार म्हणत. (मी या वेळी गप्प राहिलो. एकदा हात पोळला होता.)

पाट्या सगळ्यांना दिसल्या. आतली व्यवस्था ज्याने त्यांचा माल हाताळला त्यालाच दिसली. भाग ठरलेला. तुमच्या भागाचा फोन दुसऱ्या भागात ॲक्टिव्हेट झाला की आयएमईआयवरून पकडायचे आणि दंड लावायचे. आमच्या भाषेत हे इन्फिल्ट्रेशन. ते थांबलं की शेजारच्या जिल्ह्यातला डिस्ट्रिब्युटर तुमचा भाव पाडू शकत नाही. सगळ्या दुकानांत विक्रीचा भाव एकच. कोणी शंभर रुपये कमी केले तर त्याचा माल बंद. स्कीम बिलिंगवर नाही, ॲक्टिव्हेशनवर. म्हणजे माल माळ्यावर टाकून बक्षीस मिळत नाही, गिऱ्हाईकाच्या हातात गेला तरच मिळतं. दुकानात कंपनीच्या पगारावरचा प्रमोटर उभा. भाव उतरवायचा असला की आधी साठा मोजणार, फरक वेळेवर देणार. आमच्या मालकाला पहिल्या प्राइस ड्रॉपचे पैसे पंधरा दिवसांत मिळाले, तेव्हा तो खातं पुन्हा पुन्हा उघडून बघत होता.

फोन दोन हजारांनी महाग का, तर हे सगळं त्या दोन हजारांत होतं. गिऱ्हाईकाला महाग पडलं, पण दुकानदार रात्री झोपू शकत होता. आणि लहान गावात दहा-बारा हजारांचा फोन कोणता घ्यायचा हे बहुतेक वेळा दुकानदारच ठरवतो. चीनमध्येही हेच होऊन गेलं होतं. ऑनलाइनच्या जोरावर वर आलेली शाओमी २०१६ मध्ये तिथे घसरली आणि लहान शहरांतल्या दुकानांवर बसलेल्या ओप्पो-विवो पुढे गेल्या. शाओमीने तो धडा घेतला. २०१७ पासून भारतात स्वतःची दुकानं काढली, दुकानदार जोडले. ओप्पोने उलट शिकवणी घेतली आणि मे २०१८ मध्ये रियलमी नावाने ॲमेझॉनवर रेडमीला टक्कर देणारा ब्रँड बाजारात सोडला. सॅमसंगने २०१९ च्या जानेवारीत ऑनलाइनसाठी एम मालिका आणली. म्हणजे २०१९ पर्यंत सगळ्यांचे दोन्ही हात चालू झाले होते. भारतीय कंपन्यांकडे तेव्हा दोन्ही हात मोडलेले.

सरकारने वाऱ्यावर सोडलं का? वेळ चुकली, एवढंच मी म्हणेन. आयात फोनवरचं सीमाशुल्क जुलै २०१७ मध्ये १० टक्के, डिसेंबरात १५, फेब्रुवारी २०१८ मध्ये २० टक्के झालं. तोवर भारतीय कंपन्या मैदानाबाहेर होत्या, आणि शाओमीचे फोन २०१५ पासूनच आंध्रातल्या श्री सिटीत फॉक्सकॉन जोडत होतं. शुल्काने जोडणी इथे आली, ब्रँड परत आले नाहीत. एप्रिल २०२० पासून फोनवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. तो स्वस्त फोनला जास्त बोचतो, कारण सात हजारांच्या गिऱ्हाईकाला चारशे रुपयेही मोजावे लागतात. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत लावा आणि मायक्रोमॅक्सची भगवती या कंपन्या देशी यादीत होत्या. २०२० मध्ये गलवाननंतर चिनी मालावर बहिष्काराची लाट आली, मायक्रोमॅक्सने नोव्हेंबरात 'इन' मालिका काढून परतायचा प्रयत्न केला. पण ज्या दुकानदाराने २०१६ ची रद्दी स्वतः विकली होती त्याच्या लक्षात सगळं होतं. आणि गिऱ्हाईक? बाहेर घोषणा देऊन आत येऊन रेडमी मागणारे मी स्वतः पाहिलेत.

एका तिसऱ्या वाटेचा उल्लेख करतो. शेनझेनचीच ट्रान्शन, म्हणजे आयटेल, टेक्नो आणि इन्फिनिक्स. तिने स्वतःच्या देशात फारसं न विकता आधी आफ्रिका धरली. अनेक सिमचे फोन, काळसर त्वचा नीट टिपणारा कॅमेरा, कार्लकेअर नावाची स्वतःची दुरुस्ती व्यवस्था. मोठे ब्रँड जिथे जायला नाखूश होते तिथे सर्व्हिस सेंटर आधी, जाहिरात नंतर. मायक्रोमॅक्सने २००८ मध्ये जे सुरू केलं आणि सोडून दिलं ते यांनी शेवटपर्यंत नेलं, असं मला नेहमी वाटतं.

आता आजचा बाजार, कारण आतेभाऊ आज पैसे घालणार आहे.

दहा हजारांच्या आतली जागा आक्रसली आहे. आयडीसी या बाजार मोजणाऱ्या संस्थेच्या आकड्यांत देशात २०२१ मध्ये १६ कोटींच्या वर स्मार्टफोन गेले, २०२२ मध्ये साडेचौदा कोटींच्या आसपास, आणि त्यानंतरही ती जुनी उंची लगेच आली नाही. फोनची सरासरी किंमत मात्र चढत गेली. २०२१ च्या चिप टंचाईत कंपन्यांनी मिळेल ती चिप महाग फोनला दिली, कारण स्वस्त फोनमध्ये काही उरतच नव्हतं. २०२२ च्या ऑक्टोबरात फाइव्हजी आलं आणि स्वस्त फाइव्हजी बनवणं काही काळ जमेना. नोव्हेंबर २०२४ मध्ये ८,४९९ चा फाइव्हजी रेडमी ए४ येईपर्यंत साडेआठ हजारांत फाइव्हजीमध्ये नाव घेण्यासारखं फार काही नव्हतं.

याहून मोठा बदल हप्त्यांनी केला. पूर्वी गिऱ्हाईक खिशात किती आहेत ते सांगायचं. आता महिन्याला किती पडतील ते विचारतं. पंधरा हजारांचा फोन दहा हप्त्यांत दीड हजार महिना. मग तो नऊ हजार रोख देऊन नऊ हजारांचा फोन कशाला घेईल? ज्याच्याकडे हप्त्याची सोय नाही त्याला खालून जुन्या फोनचा बाजार ओढतो. सात हजारांत नवा साधा फोन घेण्यापेक्षा दोन वर्षं वापरलेला चांगला फोन मिळतो. मधली पायरी दोन्हीकडून खचली. जिओफोन नेक्स्टचं काय झालं आठवा. गूगल आणि जिओ एकत्र, देशभर दुकानं, नोव्हेंबर २०२१ मध्ये किंमत ६,४९९. हजार-दीड हजार अजून टाकले की ओळखीच्या ब्रँडचा मोठा फोन मिळत होता, त्यामुळे गर्दी झालीच नाही. एवढं भांडवल असूनही.

आणि क्लेमचं दुखणं अजून आहेच. १ मे २०२४ पासून वनप्लसचे फोन विकणार नाही, असं दक्षिणेतल्या संघटित मोबाइल दुकानदारांच्या संघटनेने जाहीर केलं. तक्रारी काय होत्या? तुटपुंजं मार्जिन आणि रखडलेले क्लेम. दहा वर्षांत फोन कुठल्या कुठे गेले, दुकानदाराची फाइल तीच.

तेव्हा आतेभावाला सांगा, कंपनीच्या माणसाने दाखवलेला फोन हातात घेऊन खूश होऊ नकोस. फोन बरेच असतात हल्ली सगळ्यांचे. त्याऐवजी तीन कामं कर. शेजारच्या जिल्ह्यात त्या ब्रँडचा जो डिस्ट्रिब्युटर आहे त्याच्याकडे चहाला जा आणि शेवटच्या प्राइस ड्रॉपची क्रेडिट नोट किती दिवसांनी आली ते विचार. तारीख तोंडी नको, खात्यातली नोंद बघ. मग त्यांच्या सर्व्हिस सेंटरला गिऱ्हाईक बनून जा आणि गेल्या वर्षीच्या मॉडेलचा फोल्डर माग. 'मागवावा लागेल' म्हणाले तर किती दिवस ते विचार, आणि तेवढ्या दिवसांनी पुन्हा जा. तिसरं, करारात दोन ओळी शोध: स्कीम बिलिंगवर आहे की ॲक्टिव्हेशनवर, आणि साठ दिवसांत न विकलेला माल परत घेणार की नाही. परतीची ओळ बहुतेक करारांत नसते. तिथे घासाघीस कर. सगळा माल नाही तर निदान तिसरा हिस्सा परत घ्यायचं लेखी घे.

मॉडेलं किती आहेत तेही मोज. दहा हजारांच्या आत चारच्या वर असतील तर मी पैसे घालणार नाही. आणि घालणारच असेल तर पहिल्या खेपेला तीन आठवड्यांत विकेल एवढाच माल उचल, महिनाअखेरीला कितीही फोन आले तरी. फोन येतील. २५ तारखेपासूनच येतील.